मुक्त सॉफ्टवेअरची डाउनलोड पानं, नाशिकच्या नेटवर तपासलेली

सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्याला डिझाइन काढायला फ्रीकॅड हवंय. दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला प्लॉटचा नकाशा आखायला क्यूजीआयएस हवंय. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला असाइनमेंट टाइप करायला लिबरऑफिस हवंय. तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चांगली आहेत. पण फाईल हातात येण्याआधी डाउनलोडचं पान प्रश्न विचारतं. विंडोज, मॅक की लिनक्स? एक्स६४ की आर्म६४? एमएसआय की ईएक्सई? ताजी आवृत्ती की दीर्घ मुदतीची? सॉफ्टवेअरबद्दल भरपूर लिहिलं जातं, या पानांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. आणि माणूस गोंधळून परत फिरतो तो इथूनच. मग तो शोधयंत्रात तेच नाव टाकून समोर येईल त्या ‘फ्री डाउनलोड’ साइटवर जातो, जिथे खरं बटण कोणतं आणि जाहिरात कोणती हे जाणकारालाही पटकन कळत नाही.

म्हणून हे परीक्षण डाउनलोड पानांचं. कसोटी अशी, की आपल्या कॉम्प्युटरबद्दल काहीच माहीत नसलेल्याला पान बरोबर फाईल देतं का, आणि माहीत असलेल्याला बाकीच्या फायली सापडतात का. नाशिकसाठी एक अट वाढवली आहे. शहरात फायबर आलं असलं तरी पेठ-सुरगाण्याकडे किंवा निफाडच्या मळ्यात काम मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं, आणि बऱ्याच जणांकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो. त्यामुळे फाईलचा आकार बटणाजवळ लिहिला असेल तर त्याला इथे जास्त गुण.

सुरुवात व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरपासून, कारण एका क्लिकचं काम त्यांनी सगळ्यात चोख केलं आहे. पान उघडलं की मोठं बटण, त्यावर आपल्याच सिस्टीमचं नाव, आणि बटणाच्या कडेला छोटा बाण. बाण उघडला की एमएसआय, झिप, आर्म असे बाकीचे प्रकार. नवख्याला बाण दिसला नाही तरी त्याचं काही अडत नाही, आणि जाणकार तो शोधतोच. क्लिक केल्यावर जे पान येतं त्यावर फाईलचं एसएचए-२५६ चेकसम (फाईल जशीच्या तशी आली का ते पडताळायचा आकडा) मिळतं, देणगीची विनंती असते, आणि काही सेकंदांत डाउनलोड आपोआप सुरू होतं. देणगीची ही जागा योग्य आहे. फाईल यायला लागलेली असते, त्यामुळे पैसे मागणं वाटेत आडवं येत नाही. मागे मिररबिट्स नावाचं सॉफ्टवेअर जवळचा मिरर (त्याच फायलींची प्रत ठेवणारा सर्व्हर) निवडतं, आणि ते व्हीएलसीच्याच गरजेतून तयार झालं. आज दुसरे प्रकल्पही ते वापरतात.

व्हीएलसीच्या बाबतीत एक गोष्ट भारतातल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. २०२२ मध्ये व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची साइट भारतात कित्येक महिने उघडत नव्हती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. प्लेअर चालू होता, फक्त साइट बंद होती, आणि तेवढ्या काळात लोकांनी कुठून कुठून फायली उतरवल्या याचा हिशेब कोणाकडे नाही. सगळे दुवे एकाच डोमेनवर असले की असं होतं. अधिकृत दुसरी वाट, म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअर, प्ले स्टोअर किंवा टॉरेंट (फाईल अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यांनी घेण्याची पद्धत), आधीपासून पानावर आणि लोकांच्या माहितीत असायला हवी. साइट बंद पडल्यावर ती कुठे जाहीर करणार?

फोटो एडिटिंगच्या जिंपचं पान दिसायला साधं, पण विचार सगळ्यात जास्त केलेला. वर लिनक्स, मॅक, विंडोज अशी निवड, खाली थेट डाउनलोड, टॉरेंट आणि स्टोअर असे वेगळे पर्याय, आणि चेकसम तिथेच. खरी हुशारी विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये आहे. एक्स६४ आणि आर्म६४ दोन्ही एकाच फाईलमध्ये, त्यामुळे तुमचा प्रोसेसर कोणता हा प्रश्न पान विचारतच नाही. फाईल जड होते हे खरं. पण चुकीची फाईल उतरवून पुन्हा दुसरी उतरवण्यापेक्षा एक जड फाईल पॅकला स्वस्त पडते. मार्च २०२५ मध्ये जिंप ३.० आलं आणि त्याला किमान विंडोज १० लागतं. विंडोज ७ वर अडकलेल्या फोटो स्टुडिओंना २.१० हीच शेवटची मालिका, आणि ती जुन्या फायलींच्या फोल्डरमध्ये जाऊन शोधावी लागते. मुख्य पानावर ‘जुनं विंडोज आहे? ही फाईल घ्या’ अशी एक ओळ असती तर जिंपला पूर्ण गुण दिले असते.

जिंपच्या पानावर एवढी काळजी दिसते त्याला इतिहास आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी विंडोजचे इन्स्टॉलर सोर्सफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअरच्या फायली ठेवणाऱ्या साइटवरून काढून स्वतःच्या सर्व्हरवर आणले. कारणं दोन होती: तिथल्या जाहिरातींमधली फसवी डाउनलोड बटणं, आणि इन्स्टॉलरसोबत दुसरी सॉफ्टवेअर पुढे करणारी योजना. २०१५ मध्ये मागे राहिलेल्या खात्यावरूनच जाहिरातींचा इन्स्टॉलर वाटला गेल्याचं समोर आलं. पुढच्या वर्षी सोर्सफोर्ज नव्या मालकांकडे गेलं आणि त्यांनी ती योजना बंद केली. फाईल फुकट ठेवायला कोणी जागा दिली तरी बटणाच्या आजूबाजूला काय दिसेल ते आपल्या हातात राहत नाही, एवढं छोट्या प्रकल्पांनी यातून घ्यावं.

लिबरऑफिसचं पान मधलं. सिस्टीम ओळखतं, आकार दाखवतं, टॉरेंटचा दुवा आणि चेकसमचा दुवा बटणाखालीच देतं. आवृत्त्यांचे आकडे २०२४ पासून वर्ष आणि महिन्यावर आले, म्हणजे २४.२ म्हणजे फेब्रुवारी २०२४. हा बदल फार चांगला. कॉम्प्युटरच्या दुकानात कोणी ‘माझ्याकडे २४.२ आहे’ म्हटलं की ते किती जुनं ते लगेच कळतं. गोंधळ होतो तो भाषेपाशी. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये सगळ्या भाषा आत असतात. मराठी मेन्यू हवे असतील तर इन्स्टॉल करताना कस्टम निवडायचं, इंटरफेसच्या जादा भाषांमध्ये मराठीवर खूण करायची, आणि नंतर टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषेच्या विभागात मराठी निवडायचं. लिनक्स आणि मॅकवर मात्र भाषेचा पॅक ही वेगळी फाईल, आणि पानावर आधी भाषा निवडल्याशिवाय तिचा दुवा दिसतच नाही. ऑफलाइन मदतीचा पॅकही वेगळाच. तो घेतला नाही तर एफ-१ दाबल्यावर ब्राउझर उघडतो आणि नेट नसेल तर मदत मिळत नाही. शाळेच्या लॅबमध्ये लिबरऑफिस टाकणाऱ्याने या दोन्ही फायली आठवणीने उतरवाव्यात. पान आठवण करून देत नाही.

लॅबवाल्यांसाठी अजून एक. लिबरऑफिस २५.८ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ चा आधार संपला आहे. जुन्या मशीनवर त्याआधीची मालिका लागेल, आणि ती लिबरऑफिसच्या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात मिळते. नाव विसरून ‘ओपन ऑफिस’ असं शोधलं तर अपाचे ओपनऑफिस हाती लागतं. तेही मुक्तच आहे, पण विंडोजसाठी ते आजही ३२-बिटचं आहे आणि विकासाचा वेग फार कमी आहे. दोन्हींची पानं हा फरक सांगत नाहीत.

चित्रं आणि डिझाइन काढायच्या इंकस्केपचं पान पायऱ्यांचं. आधी सिस्टीम, मग प्रोसेसर, मग फाईलचा प्रकार, आणि मग डाउनलोड. फ्लेक्स आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडून याबद्दल कुरकुर येते आणि ती रास्त आहे. पायरी वाढवली की तिथे ‘माहीत नसेल तर हे घ्या’ असं ठळक लिहावं लागतं. पानाच्या बाजूने एक सांगायला हवं, की प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच असतो आणि त्याचं उत्तर चुकलं तर मागे जाता येतं.

क्यूजीआयएसचा त्रास आकाराचा. विंडोजचा पूर्ण इन्स्टॉलर एक जीबीच्या वर जातो. १० एमबीपीएसच्या लाईनवर १.२ जीबीला साधारण १६ मिनिटं लागतात, आणि दीड जीबीच्या पॅकवर दिवसाचा पॅक जवळजवळ त्यातच संपतो. पान देणगीची विनंती डाउनलोडच्या आधी ठेवतं, आणि पुढे जाण्याचा दुवा त्या मानाने छोटा आहे. पहिल्यांदा आलेल्याला वाटतं की पैसे भरल्याशिवाय मिळणार नाही. ही विनंती व्हीएलसीसारखी क्लिकनंतर हवी. निवड दोन आवृत्त्यांत असते: ताजी, जी साधारण चार महिन्यांनी बदलते, आणि दीर्घ मुदतीची, जिला वर्षभर दुरुस्त्या मिळतात. कृषी महाविद्यालय, सर्व्हेअर, ग्रामपंचायत यांनी दीर्घ मुदतीचीच घ्यावी. जिथे चार-पाच मशीनवर टाकायचं आहे तिथे ओएसजिओफोरडब्ल्यू हा नेटवरचा इन्स्टॉलर कामाचा. त्याच्या अ‍ॅडव्हान्स्ड वाटेत ‘फक्त डाउनलोड करा’ आणि ‘लोकल फोल्डरमधून इन्स्टॉल करा’ असे पर्याय आहेत. शहरातल्या चांगल्या नेटवर एकदा फायली उतरवायच्या, पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि गावातल्या मशीनवर नेटशिवाय टाकायच्या. पान हे सांगत नाही, आणि याची सर्वात जास्त गरज असलेला माणूसच ते शोधू शकत नाही.

गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या साइटवरचं रिलीज पान, म्हणजे नव्या आवृत्तीच्या फायलींचं पान, ही आता छोट्या प्रकल्पांची डाउनलोडची जागा झाली आहे. फ्रीकॅडच्या पानावरची बटणंसुद्धा शेवटी तिथल्याच फायलींकडे जातात. फ्रीकॅडने पुढे स्वतःचं स्वच्छ पान ठेवलं आहे हे बरं केलं, कारण उघडं रिलीज पान नवख्यासाठी नाहीच. वर बदलांची लांबलचक यादी, तिच्या खाली असेट्सची, म्हणजे उतरवायच्या फायलींची यादी, आणि यादीच्या तळाशी सोर्स कोडच्या दोन फायली, झिप आणि टार डॉट जीझेड. या दोन फायली गिटहब प्रत्येक रिलीजला आपोआप जोडतं आणि प्रकल्पवाल्यांना त्या काढता येत नाहीत. झिप हे ओळखीचं नाव असल्यामुळे लोक नेमकी तीच उतरवतात. मग दुकानात प्रश्न येतो, ‘फाईल उघडली पण चालवायला काहीच नाही.’ त्या झिपमध्ये प्रोग्रामचा मूळ मजकूर असतो, चालणारा प्रोग्राम नसतो.

नावांचा घोळ त्याहून मोठा. एक्स६४, एक्स८६-६४ आणि एएमडी६४ ही तिन्ही नावं एकाच प्रकाराची. इंटेलचा प्रोसेसर असलेला माणूस ‘एएमडी’ वाचून ती फाईल सोडतो आणि ३२-बिटवाली घेतो. डेबियन या लिनक्स सिस्टीमची पानंही एएमडी६४ हेच नाव वापरतात. तसंच आर्म६४ आणि एआर्च६४ एकच. फायलीचं नाव बदलता येत नसेल तर निदान शेजारी ‘इंटेल आणि एएमडी दोन्हींसाठी’ असं लिहायला काही खर्च येत नाही.

गिटहबवर लाईट जाण्याचाही हिशेब आहे. डाउनलोड अर्धवट थांबलं आणि तासाभराने ब्राउझरमध्ये ‘रिझ्युम’ दाबलं तर ते बहुतेक वेळा अडतं, कारण रिलीजचा दुवा प्रत्येक वेळी थोड्या काळापुरत्या तात्पुरत्या पत्त्यावर नेतो आणि ती मुदत संपलेली असते. अशा वेळी सगळं पहिल्यापासून. उपाय म्हणजे डाउनलोड मॅनेजरमध्ये रिलीज पानावरचा मूळ दुवा द्यायचा, ब्राउझरच्या यादीतला शेवटचा पत्ता द्यायचा नाही. जिथे टॉरेंट उपलब्ध आहे तिथे टॉरेंटच घ्यावा, तो तुटला तरी जिथे थांबला तिथून पुढे जातो आणि तुकड्यांची तपासणीही स्वतः करतो.

आपोआप ओळखीवर किती भरवसा ठेवायचा, हाही प्रश्न आहे. ब्राउझर स्वतःबद्दल जी माहिती पाठवतो तिच्यात मॅक नेहमी इंटेलचा असल्याचं येतं, मग आत अ‍ॅपलची एम-चिप का असेना. आर्मवर चालणारा विंडोज लॅपटॉप एक्स६४ असल्याचं सांगतो. विंडोज ११ हे विंडोज १० म्हणून दिसतं. क्रोमच्या जातीचे ब्राउझर वेगळ्या मार्गाने प्रोसेसरची माहिती देऊ शकतात, सफारी आणि फायरफॉक्स देत नाहीत. म्हणून मॅकसाठी एकच बटण दाखवून आतून अंदाज बांधणारं पान चुकणार. तिथे दोन बटणं हवीत, आणि कसं ओळखायचं ते खाली एका ओळीत: अ‍ॅपल मेन्यूत ‘अबाउट धिस मॅक’ उघडा, ‘चिप’ लिहिलं असेल तर अ‍ॅपल सिलिकॉन, ‘प्रोसेसर’ लिहिलं असेल तर इंटेल. विंडोजवर सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट, आणि तिथे ‘सिस्टीम टाइप’ वाचायचं.

ओळखीची दुसरी फसगत आपल्याकडे रोजची आहे. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, माणूस तो फोनवर उघडतो, पान त्याला अँड्रॉइड समजून प्ले स्टोअरचं बटण देतं आणि कॉम्प्युटरची फाईल दिसतच नाही. ‘बाकीच्या सिस्टीम’ हा दुवा पहिल्या पडद्यावर, स्क्रोल न करता दिसायला हवा. स्क्रीन रेकॉर्डिंगच्या ओबीएसचं पान यात चांगलं, विंडोज, मॅक, लिनक्स तिघांच्या खुणा समोरच.

लिनक्सच्या अ‍ॅपइमेजबद्दल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या एका फाईलमधल्या प्रोग्रामबद्दल थोडंच. फाईल उतरवून दोनदा क्लिक केलं तर काही होत नाही, कारण चालवण्याची परवानगी दिलेली नसते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती द्यायची. उबुंटू २२.०४ पासून पुढे बऱ्याच अ‍ॅपइमेजना लिबफ्यूज-२ वेगळं टाकावं लागतं, २४.०४ मध्ये त्या पॅकेजच्या नावापुढे टी६४ आहे. ही दोन वाक्यं बटणाखाली लिहिली तर मदतीच्या निम्म्या विचारणा कमी व्हाव्यात.

आता चेकसम. बहुतेक पानं ते देतात, वापरायचं कसं ते फार थोडी सांगतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल ही आज्ञा हॅशफाइल पर्यायासह द्यायची, मग फाईलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६. शेवटचा शब्द विसरलात तर ती मुकाट्याने एसएचए-१ काढून देते आणि आकडा जुळत नाही. ओळखायची खूण सोपी: एसएचए-१ ची ४० अक्षरं असतात, एसएचए-२५६ ची ६४. पॉवरशेलची गेट-फाइलहॅश ही आज्ञा मुळातच एसएचए-२५६ देते, म्हणून ती बरी. ती मोठ्या लिपीतली अक्षरं दाखवते आणि साइटवर लहान असतात, त्याने फरक पडत नाही.

पण चेकसम जुळलं म्हणजे फाईल खरी, असं म्हणता येत नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटची साइट फोडली गेली आणि १७.३ सिनॅमनच्या दुव्यामागे चोरदार (बॅकडोर) बसवलेली आयएसओ, म्हणजे सिस्टीम इन्स्टॉल करायची फाईल, लावली गेली. ज्याने साइटवरचा दुवा बदलला तो त्याच पानावरचा आकडाही बदलू शकतो. त्या दिवशी टॉरेंटवरून घेणारे वाचले. म्हणून आकड्यांच्या फाईलवर जीपीजी सही (फाईल खऱ्या प्रकल्पवाल्यांचीच आहे हे पडताळता येणारी डिजिटल सही) असणं महत्त्वाचं, आणि मिंट आज चेकसमची फाईल, तिची सही आणि तपासण्याच्या पायऱ्या तिन्ही देतं. या एका बाबतीत मिंटचं पान इथल्या सगळ्यांत पुढे.

डेबियनच्या पहिल्या पानावरच्या बटणाने थेट नेटइन्स्ट आयएसओ उतरते, सोबत चेकसम आणि सहीचे दुवे. जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून वायफायची चिप चालवणारी, सोर्स कोड खुला नसलेली फर्मवेअरही अधिकृत आयएसओत आली. त्याआधी ती वेगळ्या, आडबाजूच्या आयएसओत होती, आणि लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना वायफाय न दिसणं ही नेहमीची तक्रार होती. नेटइन्स्टचा अर्थ मात्र समजून घ्यावा. फाईल छोटी असते कारण बाकीचं सगळं इन्स्टॉल होताना नेटवरून येतं. कमजोर नेटच्या गावी न्यायचं असेल तर पूर्ण डीव्हीडीची आयएसओ घ्या. फायरफॉक्सलाही हेच लागू: पहिलं बटण छोटा इन्स्टॉलर देतं, पूर्ण ऑफलाइन फाईल भाषांच्या यादीच्या पानावर असते, आणि तिथे मराठीही आहे.

नाशिकमध्ये स्वतःचा छोटा प्रकल्प चालवणाऱ्यांनी पान बांधताना दुव्याच्या पत्त्याचा विचार आधी करावा. आवृत्तीचा आकडा असलेला दुवा कॉलेजच्या पत्रकात छापला की पुढच्या रिलीजला तो मेला. गिटहबवर ‘लेटेस्ट’ असलेला कायमचा पत्ता मिळतो, पण त्यासाठी फाईलचं नाव प्रत्येक रिलीजमध्ये तेच लागतं, म्हणजे नावात आवृत्ती नको. आणि नावात आवृत्ती नसेल तर उतरवलेल्या पाच फायलींतली नवी कोणती ते कळत नाही. दोन्ही साधायचं असेल तर आपल्या साइटवर एक न बदलणारा पत्ता ठेवा आणि तिथून आवृत्ती असलेल्या फाईलकडे वळवा. छापायचा तो आपला पत्ता. बटणावर आवृत्ती, तारीख, आकार आणि किमान कोणती सिस्टीम लागेल ते लिहा.

ही शेवटची गोष्ट आत्ता फार गरजेची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि जुनी मशीन लिनक्सकडे वळवायची विचारणा वाढली आहे. त्यातली काही मशीन ३२-बिटची निघतात. डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही आणि मिंटची डेबियनवर आधारलेली एलएमडीई ७ फक्त ६४-बिटची आहे. अशा मशीनला डेबियन १२ किंवा एलएमडीई ६ ची ३२-बिट आयएसओ लागते. बटण दाबण्याआधी ‘६४-बिट प्रोसेसर हवा’ एवढं वाचायला मिळालं तर त्या माणसाचा दिवसाचा पॅक वाचतो.